पंखाच्या टोकाचा भोवरा

प्रयोगशाळेतली मुलं पाठीमागे तिला थेंबबाई म्हणायची. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचं वाईटही वाटत नव्हतं. उमेदीची सगळी वर्षं माणसाने थेंबांमागे घालवली, तर लोकांनी दुसरं म्हणायचं तरी काय?

तिच्या खोलीत एक लांबलचक काचेचा बोगदा होता. एका टोकाला पंखा, आणि मध्ये विमानाच्या पंखासारखी घडवलेली हातभर लांबीची पट्टी. हवा सुरू केली की त्या पट्टीच्या टोकामागे ती पिळली जायची आणि तिचा भोवरा व्हायचा. नुसत्या डोळ्यांना काही दिसायचं नाही. मग ती पाण्याचे बारीक थेंब सोडायची, त्यांच्यावर हिरव्या प्रकाशाचा पातळ पडदा टाकायची, आणि भोवरा एकदम उघडा पडायचा.

भोवरा म्हटलं की लोकांना वाटतं, आत ओढून गिळणारं काहीतरी. हवेतला भोवरा थेंबांना गिळत नाही. अगदी बारीक थेंब त्याच्यासोबत गोल गोल फिरत राहतात. जरा जड असले, की बाहेर फेकले जातात आणि त्याच्या कडेला दाटी करतात. दाटी झाली की धक्काबुक्की आलीच. दोन थेंब आपटतात, त्यांचा एक होतो, तो आणखी एकाला गाठतो. बघता बघता धुक्यासारख्या फवाऱ्यातून टपोरे थेंब तयार होतात आणि आपल्याच वजनाने खाली येतात. हे कधी होतं, कुठे होतं, किती झपाट्याने होतं, एवढंच तिचं काम. ढगात पाऊस कसा जमतो ते समजायला त्याचा उपयोग होतो असं वरच्यांना पटलं होतं, म्हणून तिची नोकरी टिकून होती.

घरी ती एकटीच. लग्न केलं नाही; करायच्या वयात तिच्या सकाळी धाकट्या बहिणीची वेणी घालण्यात जायच्या. आई अंथरुणाला खिळली आणि त्यातच गेली, तेव्हा धाकटी नुकती शाळेत जायला लागली होती. तिला सगळे चिमी म्हणायचे. चिमीचा अभ्यास, चिमीची दुखणी, चिमीचे रुसवे आणि शेवटी चिमीचं लग्न, सगळं थोरलीनेच पार पाडलं. चिमी मोठी झाली, संसाराला लागली, तरी रोज ताईला फोन केल्याशिवाय तिला घास गोड लागत नसे. आपण ताईपासून काही लपवत नाही आणि ताई आपल्यापासून काही लपवत नाही, अशी तिची पक्की समजूत होती.

चिमीचा नवरा फवारणीचं विमान चालवायचा. एका माणसाचं विमान. पोटात औषधाची टाकी, पंखांखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत नळी, आणि नळीला ओळीने नोझलं. फळबागांवरून तो इतका खाली उडायचा की शेंड्यांची पानं उलटी व्हायची. जन्मात त्याने एक प्रवासी नेला नव्हता, पण सगळे त्याला कप्तान म्हणायचे आणि त्याला ते आवडायचं. तो तोंडाने मोकळा, खाण्याचा शौकीन, आणि मेव्हणीची थट्टा करायला कायम तयार.

"ताई, तुमचे थेंब काचेत बसून हवा खातात," तो म्हणायचा. "माझे बिचारे उन्हातान्हात किडे मारत हिंडतात. तरी मान तुमच्याच थेंबांना!"

"माझे थेंब कुणाच्या अंगावर नाही पडत," ती म्हणायची, आणि तिघंही हसायची.

त्या वर्षी बागांचा बहर संपून फळं धरायला लागली होती. एका सकाळी ती काचेवरची ओल पुसत होती, तेवढ्यात चिमीचा फोन आला.

"ताई, कप्तानला पोलीस घेऊन गेले," चिमी म्हणाली. "म्हणतात, त्याने माणूस मारलं."

झालं होतं ते असं. गावाबाहेर एक मोठी बाग होती. बागेच्या कडेला वारा अडवायला लावलेली उंच झाडांची रांग, आणि रांगेपलीकडे रोपवाटिका. सकाळी कप्तान बागेवर फवारणी करत होता. पलीकडे बायका वाफ्यांत गुडघे टेकून कलमं बांधत होत्या. आभाळ निरभ्र होतं. अचानक त्यांच्यावर थेंब पडले. कुणी पदराने, कुणी हाताने तोंड पुसलं आणि पुन्हा कामाला लागल्या. थोड्याच वेळात एकीला उमासे यायला लागले. दुसरीच्या तोंडातून लाळ थांबेना. रोपवाटिकेची मुकादमबाई सगळ्यांना गाडीत बसवता बसवता स्वतःच खाली बसली, आणि दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत तिचा श्वास बंद पडला. बाकीच्या वाचल्या, म्हणजे जिवंत राहिल्या.

त्यातली विचित्र गोष्ट अशी, की बागेला लागून असलेल्या वाफ्यांवर एकही थेंब नव्हता. तिथल्या बायकांना काही झालं नाही. विष पडलं ते पार पलीकडच्या वाफ्यांवर. शिवाय विमानाची नोझलं फवारा सोडायची तो धुक्यासारखा. आणि बायका सांगत होत्या की थेंब टपोरे होते. पोलिसांनी सरळ हिशेब केला. वाऱ्याने उडून आलं असतं, तर आधी जवळचे वाफे भिजले असते. मोठे थेंब वाऱ्याने एवढे लांब जात नाहीत. म्हणजे विमान बायकांच्या डोक्यावरूनच वळलं, आणि वळताना याने औषध चालूच ठेवलं.

कप्तान शपथेवर सांगत होता की तो झाडांच्या रांगेपलीकडे गेलाच नाही, आणि रांग यायच्या आधी प्रत्येक वेळी त्याने झडप बंद केली होती. ऐकतंय कोण!

"ताई, थेंबांचं तुझ्याइतकं कुणाला कळतं?" ताई घरी पोचताच चिमीने तिचा हात धरला तो सोडेचना. "तू सांगितलंस तर त्यांना ऐकावंच लागेल."

"तो खरं बोलत असेल तर मी ते दाखवून देईन."

"असेल म्हणजे काय, ताई? तो खरंच बोलतोय."

"हो गं. तसंच म्हणायचं होतं मला."

चौकशी अधिकारी वयस्कर होता, बोलण्यात सौम्य आणि फार सावध. तिचं नातं ऐकून त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुम्ही आरोपीच्या मेव्हणी. उद्या लोक काय म्हणतील?"

"दुसरं कुणी हे काम करणारं मिळालं तर त्यांना बोलवा. मी आनंदाने बाजूला होते."

त्याने चार ठिकाणी विचारलं. प्रत्येकाने तिचंच नाव सुचवलं. शेवटी, प्रत्येक प्रयोग आपल्या माणसासमोर करायचा आणि चित्रफिती त्याच दिवशी आपल्या ताब्यात द्यायच्या, या अटीवर तो कबूल झाला.

ती आधी दवाखान्यात गेली. कलमं बांधणारी एक तरुण बाई खिडकीजवळच्या खाटेवर उशीला टेकून बसली होती. तिच्या मांडीवर चमचा होता आणि सूप सांडलेलं होतं. हात इतके कापत होते की तिने ते चादरीखाली घातले.

"विमान तुमच्या डोक्यावर आलं होतं का?"

"नाही. ते झाडांपलीकडे होतं. आवाज यायचा, जायचा. मग तो लांब गेला, आणि जरा वेळाने थेंब पडले."

"केवढे होते?"

"भांडी धुऊन हात झटकले की उडतात ना, तेवढे." ती थांबली. "मुकादमबाई म्हणाली, ढग नाही न् काही नाही, हे काय गं? आणि तिने बघायला तोंड वर केलं."

उठताना थेंबबाईने तो चमचा उचलून बशीत ठेवला.

रोपवाटिकेत पोलिसांची दोरी अजून बांधलेली होती. लांबच्या वाफ्यांवर टाकलेलं प्लास्टिक तसंच होतं, आणि त्यावर थेंब वाळून डाग पडले होते. तिने भिंगातून ते मोजले. नोझलातून निघतो तेवढा थेंब असा डाग पाडूच शकला नसता. असे कितीतरी थेंब एकत्र आले असतील तेव्हा कुठे. पण सगळे डाग गोल होते. चालत्या विमानातून पडलेला थेंब तिरपा आपटतो, डागाला शेपूट येते. हे थेंब सरळ वरून, शांतपणे पडले होते. त्या वाफ्यांत उकिडवं बसल्या बसल्या तिच्या मनाने घेतलं की कप्तान खरं बोलतोय. तिने तिथूनच चिमीला फोन केला.

"विमान वरून गेलं नव्हतं. मला जवळजवळ खात्री आहे."

चिमी रडली, मग हसली, मग म्हणाली, "मी सांगितलं नव्हतं?"

आता राहिलं होतं ते थेंब आले कसे, एवढंच. विमानाच्या पंखांच्या दोन्ही टोकांमागे भोवरे सुटतात हे तिला नवीन नव्हतं. जमिनीजवळ ते बाजूला सरकत जातात, आणि सकाळची हवा थंड, निवांत असली की लवकर विरत नाहीत. तिने बोगद्यात कप्तानच्या विमानाच्या मापाचा पंख बसवला, खाली नळी लावली, जमिनीसाठी फळी टाकली, आणि झाडांच्या रांगेसाठी बाटल्या धुवायचे ब्रश ओळीने उभे केले. चौकशी अधिकाऱ्याचा माणूस स्टुलावर बसून बघायचा. पहिल्या दिवशी त्याने ते ब्रश पाहून तोंड फिरवून हसू दाबलं.

नियम असा होता की पंखाच्या टोकाकडची नोझलं बुच लावून बंद ठेवायची. कप्तानने जबाबात तसंच सांगितलं होतं. म्हणून तिने तसंच केलं. भोवरा झकास उठला, ब्रशांवरून चढून पलीकडे गेला, पण रिकामा. थेंब त्याच्यात शिरलेच नाहीत. मधल्या नोझलांतून निघालेला फवारा निमूटपणे फळीवर, म्हणजे बागेवर उतरला. तिने वारा वाढवला, कमी केला. पंख खाली आणला, वर नेला. ब्रश हलवले. दिवसच्या दिवस तेच. लांबच्या वाफ्यांवर एक थेंब पोचला नाही.

मग एका दुपारी तिने टोकाकडची बुचं काढली.

हिरव्या प्रकाशात फवाऱ्याची कड उचलली गेली. जणू कुणी चिमटीत धरली. भोवऱ्याने ती स्वतःभोवती गुंडाळली आणि ब्रशांवरून अलगद पलीकडे नेली. जवळच्या वाफ्यांवरून तो नुसताच पुढे गेला. आत बारीक थेंब फिरत होते, कडेला जाड थेंबांचं कडं दाट होत चाललं होतं. ते आपटत होते, मिसळत होते. भोवरा पुढे जाऊन मंदावला, आणि ते कडं फुटून टपोरे थेंब सरळ खाली पडले. नेमके तेवढ्याच अंतरावर, रोपवाटिकेत जिथे दोरी बांधली होती.

"आलं!" ती ओरडली. स्टुलावरचा माणूस दचकून उभा राहिला. किती वर्षं ती हे असं लख्ख बघायची वाट पाहत होती! आनंदाने तिच्या अंगावर काटा आला. तो पूर्ण उतरायच्या आतच तिला कळलं की आपण काय पाहिलं.

कप्तान जामिनावर सुटला होता. विमान सीलबंद होतं. विमानाच्या मालकाने त्याला हँगरमधलं आपलं सामान घेऊन जायला सांगितलं होतं, तिथेच ती त्याला गाठायला गेली. तो जुने बूट पिशवीत कोंबत होता.

"या ताई! चिमी म्हणाली, तुम्ही विमान डोक्यावरून गेलंच नाही असं सिद्ध केलंत."

"कप्तान, टोकाकडची नोझलं बंद होती?"

"जबाबात सांगितलंय ना."

"जबाबातलं नाही विचारत. मी करून बघितलं. ती बंद असताना तिथपर्यंत एक थेंब जात नाही."

त्याने पिशवी खाली ठेवली. मग त्याने हाताने काहीतरी दाखवायला सुरुवात केली आणि हात तसाच हवेत राहिला.

"त्या बागेच्या टोकाला विजेच्या तारा आहेत. सकाळी ऊन समोरून येतं तेव्हा दिसत नाहीत, त्या कुठे आहेत हे पाठ असावं लागतं. दुसरं विमान चालवणारा माझा जोडीदार गेल्या हंगामात त्यांत अडकून गेला. मीच पहिला पोचलो. ताई, मी त्याला त्याच्या घड्याळावरून ओळखलं." त्याने तोंडावरून हात फिरवला. "तेव्हापासून प्रत्येक फेरीला तार जवळ आली की माझे पाय जड होतात. सगळी नोझलं उघडली की पट्टा रुंद पडतो. रुंद पडला की फेऱ्या कमी. तेवढ्या वेळा तार कमी बघावी लागते. एवढंच होतं डोक्यात. मला संध्याकाळी घरी यायचं होतं."

"नोकरी सोडायची होती."

"सोडून काय करू? मला दुसरं येतं काय?"

"मालकाला माहीत होतं?"

"फवारणी लवकर उरकायला लागली तेव्हा शाबासकी दिली त्याने. खाली वाकून नळीकडे बघायला काही तो आला नाही."

"आणि चिमीला?"

"नाही, नाही!" तो पहिल्यांदा घाबरलेला दिसला. "तिला काही सांगू नका. ताई, तुम्हाला विचारतील, विमान वरून गेलं का? नाही गेलं. तेवढंच सांगा. खोटं थोडंच आहे ते?"

तिला त्याचा राग यायला हवा होता, आणि येत नव्हता. समोर उभा असलेला माणूस तिला इतकी वर्षं हसवत आला होता.

"तुम्ही स्वतः सांगा," ती म्हणाली. "अधिकाऱ्यांना नाही तर निदान चिमीला. सुनावणीच्या आधी. तुमच्या तोंडून कळू दे तिला."

"सांगतो," तो म्हणाला.

त्याने सांगितलं नाही. ती रोज चिमीचा फोन उचलायची आणि आवाजावरून ओळखायची की याने अजून तोंड उघडलेलं नाही. आज सांगेल, उद्या सांगेल. स्वतः सांगायचं दोनदा तिच्या ओठांवर आलं आणि दोन्ही वेळा ती भलतंच काहीतरी बोलली.

चित्रफिती अधिकाऱ्याकडे होत्या, पण त्याचा माणूस भोवरे बघून बघून कंटाळला होता. कोणत्या दिवशी कोणती बुचं लावली होती, याचं महत्त्व त्याला कळलं नव्हतं.

सुनावणी जुन्या इमारतीतल्या एका लांबट खोलीत झाली. खुर्च्या कमी पडल्या. मुकादमबाईची माणसं भिंतीला टेकून उभी होती. चिमी पहिल्या रांगेत, कप्तानच्या शेजारी बसली होती. तिने कपाळावरचे केस नीट मागे बांधले होते आणि ताईकडे बघून ती शाळेच्या स्नेहसंमेलनात हसायची तशी हसली.

अधिकाऱ्याने विचारलं, "विमान त्या बायकांच्या डोक्यावरून गेलं होतं का?"

"नाही," ती म्हणाली. डाग गोल होते, शेपूट नव्हती, हे तिने समजावून सांगितलं.

"वळताना औषध चालू राहिलं होतं, असं दिसतं का?"

"नाही."

खोलीत कुजबुज उठली. चिमीने नवऱ्याच्या दंडावर हात ठेवला. अधिकाऱ्याने कागद जुळवायला घेतले. पुढचा प्रश्न तो विचारणार नाही, हे तिच्या लक्षात आलं. आता खुर्चीवरून उठायचं, बस. तिने पर्ससुद्धा हातात घेतली.

तेवढ्यात भिंतीजवळून एक माणूस पुढे आला. मुकादमबाईचा नवरा. तो शिंपी होता; शर्टाच्या खिशाला टाचण्या टोचलेल्या तशाच राहिल्या होत्या.

"साहेब, मी विचारू का बाईंना?" परवानगीची वाट न बघता तो तिच्याकडे वळला. आवाज चढलेला नव्हता. "बाई, विमान वर नव्हतं. ढग नव्हता. मग माझ्या बायकोच्या तोंडात पडलं, ते आलं कुठून?"

तिने कप्तानकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. ती अजून थोडा वेळ थांबली. शिंपी तिच्या तोंडाकडे बघत उभा होता.

"पंखाच्या टोकाला भोवरा सुटतो," तिने सांगायला सुरुवात केली. ती सावकाश बोलली, शिंप्याला कळेल असं, जणू खोलीत दुसरं कुणी नव्हतंच. फवारा कसा उचलला गेला, झाडांवरून कसा गेला, थेंब कडेला कसे जमले, आपटून मोठे कसे झाले, आणि भोवरा मंदावल्यावर कसे पडले. तो ऐकत राहिला. मध्ये एकदाच त्याने विचारलं, "तिला चुकवता आलं असतं का?" ती म्हणाली, "नाही. तिला दिसलंच नसतं."

अधिकारी पुढे वाकला. "पण हे टोकाकडची नोझलं बंद असतानाही होतं?"

"नाही. ती उघडी असली तरच होतं."

"म्हणजे ती उघडी होती, असा तुमचा अंदाज."

"अंदाज नाही. त्यांनी मला स्वतः सांगितलं."

तारांचं तिने सांगितलं, जोडीदाराचंही सांगितलं. कप्तानची बाजू म्हणून जे जे सांगता येईल ते सगळं सांगितलं. पण आता गलका झाला होता, कुणाला ते ऐकायचं नव्हतं. चिमीचा हात नवऱ्याच्या दंडावरून खाली आला होता. ती नवऱ्याकडे बघत नव्हती. ती ताईकडे बघत होती.

शिंप्याने मान हलवली, बरं म्हटल्यासारखी, आणि आपल्या माणसांत परत जाऊन उभा राहिला.

कप्तानला शिक्षा झाली. तारांचा विचार करून न्यायाधीशांनी ती थोडी कमी केली, इतकंच. मालक सहीसलामत सुटला. आपल्याला कल्पनाच नव्हती असं त्याने सांगितलं आणि ते खोटं ठरवायला काही हाताशी नव्हतं. तारा काढायचं कुणाच्या मनातही आलं नाही. कलमं बांधणारी पोरगी घरी गेली, पण तिच्या बोटांचा कंप गेला नाही. ती आता त्याच रोपवाटिकेत झारीने पाणी घालते. थेंबबाई तिला भेटायला दोनदा गेली. तिसऱ्यांदा पोरीच्या सासूने दारातच सांगितलं, "तुम्ही आलात की ती रात्रभर झोपत नाही हो. नका येत जाऊ."

चिमीने फोन उचलणं बंद केलं. तिच्या घराला कुलूप लागलं. तुरुंग होता त्या शहरात तिने खोली घेतल्याचं आणि एका दुकानात कामाला लागल्याचं तिसऱ्याच कुणाकडून कळलं. थोरली बोगद्यापाशी जात राहिली. दुसरं करणार काय? मुलं आता तिला मागेसुद्धा थेंबबाई म्हणत नव्हती.

थंडी संपता संपता, एका दुपारी दार वाजलं. चिमी उभी होती. वाळलेली, केस कसेतरी बांधलेले.

"ये गं! बस. चहा—"

"नको. मला ते दाखव."

"काय?"

"त्या सगळ्यांना सांगितलंस ते. मी अजून पाहिलेलं नाही."

थोरलीने खोलीत अंधार केला, पंखा सुरू केला. बुचं काढली. हिरवा प्रकाश पडला. चिमी काचेला नाक लावून उभी राहिली, लहानपणी दुकानांसमोर राहायची तशी. फवारा उचलला गेला, गुंडाळला गेला, ब्रशांवरून पलीकडे गेला आणि थेंब होऊन पडला. पुन्हा उचलला गेला, पुन्हा पडला. चिमी कितीतरी वेळ बघत राहिली.

"सुंदर दिसतं," ती शेवटी म्हणाली.

"चिमे—"

"तो म्हणाला, तुला त्याने हँगरमध्येच सांगितलं होतं."

"हो."

"त्यानंतर तू माझ्याकडे जेवायला आली होतीस. मी विचारलं, सुनावणीला कुठे बसू? तू म्हणालीस, पुढेच बस."

"तो स्वतः तुला सांगणार होता. मी त्याची वाट बघत होते."

"तू खरं सांगितलंस त्याचं मला काही नाही, ताई. ते सांगायलाच हवं होतं. ती बाई मेली." चिमी काचेवरून बोट फिरवत होती. "पण तिचा नवरा, ते पोलीस, सगळं गाव, आणि मी, आम्हाला सगळ्यांना एकदमच कळलं. मी तिथे हसत बसले होते. तो तारेला घाबरला म्हणून गप्प बसला. तू कशाला घाबरलीस?"

थोरलीने उत्तर शोधलं. जे सापडलं ते तिला स्वतःलाच अपुरं वाटलं, तरी तिने ते दिलं. "तुझ्या तोंडाकडे बघवलं नसतं मला."

"मग तिथे बघवलं?"

चिमीने ओढणी खांद्यावर सारखी केली आणि दाराकडे गेली. दार उघडल्यावर बाहेरच्या उजेडात तिचा चेहरा दिसेना.

"दर भेटीला तो तुझी विचारपूस करतो," ती म्हणाली. "ताई कशा आहेत, जेवतात का वेळेवर. मी म्हणते, मला माहीत नाही. आज आले म्हणून आता सांगता येईल."

"आणि तू? तू पुन्हा येशील?"

"नाही," चिमी म्हणाली. रागाने नव्हे, एखाद्याने वेळ विचारली आणि सांगितली, तसं. तिने दार आवाज न करता ओढून घेतलं.

थोरली तिथेच अंधारात उभी राहिली. पंखा चालूच होता. टाकीत पाणी होतं तोवर थेंब येत राहिले, मग विरळ झाले, आणि काचेच्या आत नुसता हिरवा प्रकाश उरला.